हात न लावता पारखलेली बंदूक

दोन महिने इथे काही लिहिलं नाही म्हणून दोघातिघांनी इमेल पाठवून चौकशी केली, आणि नागपूरच्या वहिनींनी तर फोनवर चांगलंच फैलावर घेतलं. कारण साधं आहे. आम्ही दोघं लेकीकडे टेक्सासला गेलो होतो आणि तिथे माझा बराचसा वेळ अशा कामात गेला की ते ऐकून वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, पंचाहत्तरीत हे काय नवीन?" काम होतं बंदूक पारखण्याचं. माझ्यासाठी नव्हे हो, जावईबापूंसाठी.

तर झालं असं. आमचे जावई लहानपणी वडिलांबरोबर व्हिडिओवर 'मॅकेनाज गोल्ड' बघत मोठे झाले. त्या घोडेस्वारांच्या हातातली, खालची कडी पुढे-मागे केली की खटक् खटक् चालणारी रायफल त्यांच्या मनात घर करून बसली. तिला लिव्हर-ॲक्शन म्हणतात. आता ते तिथले नागरिक झाले आहेत, गाठीला चार पैसे आहेत, आणि येत्या वाढदिवसाला १८७३ सालच्या विंचेस्टरची नक्कल घ्यायची असं त्यांनी ठरवलं होतं. अस्सल जुनी परवडत नाही आणि परवडली तरी झाडायला भीती वाटते. म्हणून नक्कल. नवी, पण जुन्या नमुन्याबरहुकूम केलेली.

लेकीने मला बाजूला घेतलं. "बाबा, तुम्ही एनसीसीत होतात. तुमचं ऐकतो तो. तुम्हीच काय ते सांगा." काय सांगा, ते तिने सांगितलं नाही. मला ते कळायला हवं होतं, पण मी मास्तर माणूस, प्रश्न जसा विचारला तसा घेतला. नातू नऊ वर्षांचा आहे. घरात बंदूक नसावी असं माझं स्वतःचं मत आहे आणि ते मी जावयांना पहिल्याच दिवशी जेवताना सांगितलं. पण घर त्यांचं, देश त्यांचा. घ्यायचीच असेल तर मग निदान नीट बघून घ्या, एवढं म्हणायचा मला अधिकार होता असं मला अजूनही वाटतं.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. मी शाळेत मराठी-इतिहास शिकवायचो आणि जोडीला एनसीसीचा थर्ड ऑफिसर होतो. कामठीला प्रशिक्षण झालं. पॉइंट टू-टू आणि थ्री-नॉट-थ्री या दोनच रायफली मी जवळून पाहिल्या, पण त्या शेकड्यांनी पाहिल्या. फुलतरू आणि चिंदी घेऊन नळ्या साफ करून घेतल्या, पोरांच्या निष्काळजीपणाने हातभर लांबीची शिवी तोंडात आली ती गिळली. लिव्हर-ॲक्शन मात्र मी कधी पाहिली नव्हती. त्यामुळे आधी आठ दिवस वाचन केलं. सवय जात नाही.

थोडा इतिहास सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. बेंजामिन टायलर हेन्री नावाच्या कारागिराने १८६० साली या रायफलीचं पेटंट घेतलं. पितळी धड, नळीखाली लांब नळकांडं, त्यात सोळा काडतुसं. पुढे धरायला लाकूड नव्हतं, त्यामुळे नळी तापली की डावा हात भाजायचा. त्यावरून सुधारून १८६६ची 'यलो बॉय' आली. तिला धडाच्या बाजूला काडतूस सारायची झडप आली आणि पुढे लाकूडही आलं. मग १८७३ची, लोखंडी धडाची. हिच्या सुमारे सात लाख वीस हजार रायफली बनल्या. या तिन्हींच्या पोटात एकच युक्ती आहे. माणसाचा गुडघा सरळ असताना वरून कितीही भार आला तरी पाय वाकत नाही, पण किंचित वाकवला की सहज दुमडतो. तसाच दोन दांड्यांचा एक सांधा आत असतो. कडी मिटली की गुडघा सरळ, बोल्ट घट्ट. कडी उघडली की गुडघा दुमडतो आणि बोल्ट मागे जातो. युक्ती सुंदर, पण फार ताकदीची नाही. म्हणून या रायफलीत पिस्तुलाच्या जोडीची काडतुसं. मोठी काडतुसं पेलणारी नवी रचना पुढे जॉन ब्राउनिंगने १८८६ साली दिली, आणि १८९२, १८९४ची मॉडेलंही त्याचीच.

नक्कल करण्याचा धंदा मात्र इटलीचा. गार्दोने व्हाल त्रोम्पिया नावाचं एक खोऱ्यातलं गाव आहे, ब्रेशा जिल्ह्यात. तिथे पिढ्यान्‌पिढ्या बंदुकाच बनतात. बेरेटा घराणं तिथलंच, त्यांची नोंद १५२६ची सापडते. १९५०च्या दशकाच्या शेवटी नेव्ही आर्म्सचे व्हॅल फोर्जेट अमेरिकेतून तिथे गेले आणि जुन्या कोल्ट रिव्हॉल्व्हरच्या नकला करून घेऊ लागले, कारण अमेरिकी यादवी युद्धाची शताब्दी तोंडावर आली होती. आल्दो उबेर्ती यांनी १९५९ साली आपला कारखाना काढला. पुढे त्यांनी हेन्री, १८६६, १८७३ सगळ्यांच्या नकला केल्या. २००० पासून तो कारखाना बेरेटा समूहात आहे. जपानमध्ये मिरोकू नावाची कंपनी विंचेस्टरच्याच नावाने रायफली बनवते, आणि २०१३ पासून १८७३चं मॉडेलही बनवते. न्यू हेवनचा मूळ कारखाना २००६ साली बंद पडला. म्हणजे आज 'विंचेस्टर' असं नाव कोरलेली १८७३ घेतली तर ती जपानची, आणि ते नाव ज्यावर नाही ती इटलीची. यातली अस्सल कोणती आणि नक्कल कोणती? मी जावयांना विचारलं तर ते म्हणाले, "बाबा, हा पेपर कठीण आहे."

पहिला धडा मला दुकानात मिळाला, आणि तो कायद्याचा होता.

घरापासून तासाभरावरच्या एका लहान गावातलं दुकान. मालक पांढऱ्या मिशांचे, माझ्याच वयाचे, अदबशीर. जावयांनी कौतुकाने माझी एनसीसीची ओळख करून दिली. मालकांनी भिंतीवरची नवी १८७३ काढली आणि माझ्याकडे वळून विचारलं, आपण इथे कोणत्या व्हिसावर आहात? मी म्हटलं, पाहुणा. ते म्हणाले, मग माफ करा, ही मी तुमच्या हातात देऊ शकत नाही. तात्पुरत्या व्हिसावरच्या परक्या माणसाने बंदूक बाळगायची नाही असा त्यांच्या देशाचा कायदा आहे. शिकारीचा परवाना वगैरे काही अपवाद आहेत, पण मी कुठला शिकारी! मी हात मागे बांधले. वाईट वाटलं नाही, उलट बरं वाटलं. नियम पाळणारा दुकानदार भेटला की अर्धी पारख तिथेच होते.

पण पुढे गंमत. ते आत गेले आणि एक काळपट, झिजलेली रायफल घेऊन आले आणि ती सरळ माझ्या हातात दिली. म्हणाले, ही चालेल. ती अस्सल होती, एकोणिसाव्या शतकातली! तिथला कायदा असा की १८९८ किंवा त्याआधी बनलेली बंदूक ही पुराणवस्तू, ती 'बंदूक' नव्हेच. आणि परवा बनलेली नक्कल, जी नेहमीची काडतुसं झाडते, ती मात्र पुरती बंदूक. फॉर्म भरा, चौकशी होऊ द्या, मग न्या. म्हणजे कायद्याच्या लेखी अस्सल ती शोभेची आणि नक्कल ती खरी. चाळीस वर्षं मी पोरांना नक्कल करू नका म्हणून सांगत आलो, त्या मला हे पचवायला थोडा वेळ लागला.

ती जुनी रायफल मी दहा मिनिटं धरून उभा होतो. आणि सांगतो, नक्कल पारखायची असेल तर आधी अस्सल एकदा तरी हातात घ्यावी. तिचं धड साधं, काळसर. लाकूड लोखंडाला असं भिडलेलं की बोट फिरवलं तर सांधा कुठे आहे ते नखाला कळावं, बोटाला कळू नये. दीडशे वर्षांच्या हातांनी झिजून लाकूड आणि लोखंड एका पातळीत आलं होतं. कडी उघडली तर आवाज 'खळळ' नव्हे, 'खटक्'. मग मालकांनी नवी जावयांच्या हातात दिली. मी बोलायचं आणि त्यांनी करायचं, असं सुरू झालं. वर्गात फळ्यासमोर मुलाला उभं करून गणित सोडवून घेतात ना, तसं.

"आधी खाली आहे का बघा," मी म्हटलं. कडी उघडून, वरून, आत बोट घालून. मालकांनी बघितलं होतं, तरी परत. नळी कोणाकडेही नको. हे जावयांनी मनापासून केलं, त्याचे गुण मी मनात दिले.

नवी रायफल देखणी होती, प्रश्नच नाही. धडावर निळे-जांभळे-तपकिरी ढगांसारखे रंग, दस्त्यावर तांबूस चकाकी. जावई तिथेच विरघळले. आता इथे माझं पहिलं भांडण आहे. ते रंगीत ढग मुळात शोभेसाठी नव्हतेच. मऊ लोखंड हाडांच्या आणि लाकडाच्या कोळशात पुरून भट्टीत लाल करायचं आणि पाण्यात विझवायचं, म्हणजे वरचा पापुद्रा कडक होतो. त्या खटाटोपात रंग आपोआप उमटतात. रंग हा कामाचा पुरावा होता. आज बऱ्याच नकलांवर तो रसायनांनी आणलेला असतो. शिवाय मूळ १८७३चं धड बहुतेक वेळा साधं निळं-काळंच असायचं, रंगीत धड खास मागणीवर मिळायचं. म्हणजे नक्कल करणाऱ्याने नेमका अपवाद उचलला, कारण काचेच्या कपाटात तो उठून दिसतो. पेपर तपासताना मला असे महाभाग दरवर्षी भेटायचे. शेजाऱ्याच्या उत्तरातली आकृती हुबेहूब काढायची, रंगवायची सुद्धा, आणि नावं मात्र भलत्याच बाणांना द्यायची.

त्याहून माझा राग त्या 'जुनाट दिसणाऱ्या' नकलांवर आहे. नवी रायफल, पण मुद्दाम घासून, डाग पाडून, पॉलिश उडवून दिलेली, आणि त्याचे पैसे जास्त! घरच्या पाट्यावर वाटून वाटून पाटा झिजतो, त्याची किंमत आहे. दुकानातून झिजलेला पाटा विकत आणायचा? शिवाय व्यवहाराचीही गोष्ट आहे. नव्या पॉलिशखाली घिसाडघाईचं काम लपत नाही, घासलेल्या अंगाखाली लपतं. जावयांना तो प्रकार आवडत होता. मी सरळ नाही म्हणालो.

तर मग बघायचं कुठे? माझ्या मते सगळ्यात आधी लाकूड जिथे लोखंडाला भेटतं तिथे. जावयांनी पाकिटातून एक व्हिजिटिंग कार्ड काढलं आणि दस्ता आणि धड यांच्या सांध्यावर फिरवलं. एका बाजूला कार्डाचा कोपरा आत शिरला, दुसऱ्या बाजूला नाही. वरच्या जिभेजवळ फट होती. एवढ्याशा फटीने काय होतं, असं त्यांनी विचारलं. होतं असं की झाडताना धक्का सगळ्या तोंडावर न वाटला जाता एका कोपऱ्यावर बसतो आणि कालांतराने तिथूनच लाकूड चिरतं. आमच्याकडच्या रायफलींचे दस्ते असेच चिरलेले मी पाहिलेत. नव्या लाकडाने लोखंडापेक्षा केसभर वर असणं चांगलं, कारण पुढे घासायला वाव राहतो. खाली असणं मात्र वाईट, गेलेलं लाकूड परत येत नाही.

मग स्क्रू. नव्या कोऱ्या रायफलीच्या स्क्रूची खाच कुरतडलेली असेल तर कोणीतरी चुकीच्या पेचकसाने घाईत फिरवलेली आहे. कारखान्यात की दुकानात, ते आपल्याला कळणार नाही, पण आतही तीच घाई झाली असेल असं धरून चालावं. नंतर नळी. ही नळी अष्टकोनी असते. मागून एक डोळा मिटून बघितलं की वरची सपाटी धडाच्या माथ्याशी समांतर दिसली पाहिजे. नळी पेचात जराशी कमी-जास्त फिरली तर पुढचं साईट दारू प्यायल्यासारखं कलतं. हे मला चार फुटांवरूनही दिसत होतं, आणि ते सरळ होतं. मालकांनी आत छोटा दिवा सोडून नळीही दाखवली, स्वच्छ होती. (कडी उघडी ठेवून, पुन्हा खात्री करूनच. तरीसुद्धा मझलमध्ये डोळा घालून बघणाऱ्या माणसाकडे पाहून माझ्या पोटात गोळा येतो, ती सवय जायची नाही.)

खरी परीक्षा चालवण्याची. मालकांकडे दारू नसलेली खोटी काडतुसं होती. विचारल्यावर त्यांनी खुशीने दिली. ही काडतुसं मागायला लाजू नये आणि न विचारता रिकाम्या बंदुकीचा चाप ओढू नये, ही दोन्ही पथ्यं. बाजूच्या झडपेतून जावयांनी दहा काडतुसं सारली. झडपेची कड इतकी धारदार की सातव्याला अंगठ्यावर ओरखडा आला. मग कडी चालवली. भराभर चालवली तेव्हा सगळं झोकात. मी म्हटलं, आता हळू, अगदी हळू. घाईत सगळेच पास होतात. हळू चालवल्यावर काडतूस उचलणारा पितळी ठोकळा वर येताना अर्ध्यात अडखळला, जरा दाबल्यावर वर आला. यात एक खुबी आहे ती सांगतो. या जुन्या रचनेत तो ठोकळा काडतुसाला जसंच्या तसं सरळ वर उचलतो. त्यामुळे काडतुसाची लांबी नेमकी लागते. लांब झालं तर ठोकळा वर जात नाही, आखूड झालं तर मागचं काडतूस निम्मं आत घुसून बसतं. म्हणून दोष रायफलीचा की काडतुसाचा हे ठरवायला दुसऱ्या पाकिटातली काडतुसं घालून बघावं लागतं. आम्ही बघितलं. तरी अडखळलं.

हे सगळं मी सोडून दिलं असतं. फट भरता येते, अडखळणं वापराने कमी होतं, धार कानशीने मोडता येते. मुख्य प्रश्न घोड्याचा होता.

या रायफलीला वेगळं कुलूप नाही. घोडा पूर्ण उतरलेला असला की तो मागून टाचणीवर टेकतो आणि टाचणी काडतुसाच्या बुडाला. वरून ठोका बसला तर उडालं. म्हणून घोडा अर्धा चढवून ठेवायचा. त्या खाचेत तो असा अडकला पाहिजे की चाप ओढला तरी पडता कामा नये. याशिवाय कडी पूर्ण मिटेपर्यंत चापच ओढला जाऊ नये म्हणून खाली एक छोटी खुंटी असते, तीही तपासली, ती ठीक होती. मग घोडा अर्धा. मी म्हटलं, चाप ओढा. ओढला, पडला नाही. पुन्हा. नाही. तिसऱ्यांदा खट् करून घोडा पडला.

आम्ही तिघंही गप्प. मालकांनी रायफल घेऊन स्वतः करून बघितलं. पाचात एकदा पडला.

जावयांनी तोवर फॉर्मसाठी लायसन्स टेबलावर काढून ठेवलं होतं. ते म्हणाले, "बाबा, मालक दुरुस्त करून देतील ना. हे लाकूड असं परत मिळायचं नाही." लाकूड खरंच अप्रतिम होतं. मालकही म्हणाले, खाच घासून नीट करता येईल. आणि मी, सासरा, पाहुणा, ज्याला त्या वस्तूला बोट लावायचीही मुभा नाही तो, भर दुकानात म्हणालो, "ही घ्यायची नाही."

सासऱ्याने असं बोलू नये हे मला कळतं. गाडीत परत येताना तासभर कोणी बोललं नाही. पुढचे दोन दिवस जेवणात 'भाजी वाढू का' एवढंच. मला अजूनही वाटतं की मी बरोबर होतो. ज्या वस्तूचा एकुलता एक अडसर पाचात एकदा निसटतो, ती दुरुस्त करून घेण्याची वस्तू नव्हे, परत पाठवण्याची आहे. आणि ज्या कारखान्यातून ती तशीच तपासून बाहेर पडली तिथल्या त्या दिवसाच्या तपासनीसाचा डोळा कुठे होता, हा वेगळाच प्रश्न. इटलीत प्रत्येक बंदुकीची सरकारी चाचणी होते, नळीवर त्याचे शिक्के असतात आणि कोणत्या वर्षी चाचणी झाली ते दोन अक्षरांत कोरलेलं असतं. ते शिक्के जरूर बघावेत, जुना माल नवा म्हणून गळ्यात पडत नाही. पण ती चाचणी स्फोट सोसण्याची आहे. घोडा अर्ध्यावर टिकतो का, हे ती सांगत नाही. (कंपनीचं नाव मी लिहीत नाही. एका नगावरून कोणाला नापास करायचं नसतं.)

खरी पंचाईत मात्र घरी झाली. लेकीने माझा हात धरला आणि म्हणाली, "बाबा, बरं झालं तुम्ही थांबवलंत. मला माहीतच होतं." तेव्हा माझ्या लक्षात आलं की तिला वाटलं, मी बंदुकीलाच नाही म्हटलं आणि खाच-बिच हे निमित्त. गप्प बसलो असतो तर लेक खूश झाली असती आणि विषय मिटला असता. रात्रभर विचार केला. सकाळी चहाच्या वेळी दोघांसमोर सांगितलं की मी त्या रायफलीला नाही म्हटलं आहे, उद्या दुसरी नीट निघाली तर हो म्हणेन. लेकीचा चेहरा उतरला. ती म्हणाली, "म्हणजे तुम्ही त्याच्या बाजूचे." मी म्हटलं, मी खाचेच्या बाजूचा. हे उत्तर तिला पटलं नाही, आणि खरं सांगायचं तर तिची बाजूही मला पुरती खोडता येत नाही. नऊ वर्षांच्या पोराच्या घरात ती कितीही चांगली असली तरी आहे ती बंदूकच.

पुढे दोघांनी काय बोलायचं ते बोलून घेतलं. त्यात मी पडलो नाही. ठरलं ते असं: तिजोरी आधी, रायफल नंतर. तिजोरीचा नंबर तिच्याकडेही. काडतुसं वेगळ्या कुलपात, त्याची किल्ली फक्त तिच्याकडे.

तीन आठवड्यांनी त्याच मालकांचा फोन आला. ती रायफल त्यांनी परत पाठवली होती, आणि आता दुसरी आली होती. ती साधी, निळ्या-काळ्या धडाची, लाकडावर रेघ ना नक्षी. यावेळी जावयांनी माझ्याआधीच कार्ड काढलं. घोडा वीस वेळा अर्ध्यावर ठेवून चाप ओढला, मी मोजत होतो. मग पूर्ण चढवून मागून अंगठ्याने रेटून बघितलं, तोही टिकला. हळू चालवल्यावर ठोकळा सुरळीत वर आला. फट एका जागी होतीच, पण केसाएवढी.

काडतुसाच्या मापावरून मात्र त्यांचं आणि माझं पटलं नाही. मूळ १८७३ची ओळख फोर्टी-फोर फोर्टी. तिचं कवच पातळ असतं, झाडल्यावर फुगून बसतं आणि मागे वायू, काजळी येत नाही. पॉइंट फोर्टी-फाइव्ह कोल्टमध्ये त्या काळी ही रायफल कधी बनलीच नाही, पण नकला सर्रास बनतात, कारण सिनेमातल्या रिव्हॉल्व्हरशी जोडी जमते. माझं म्हणणं, नक्कलच घ्यायची तर मूळ मापात घ्या. जावई म्हणाले, थ्री-फिफ्टी-सेव्हन घेतो, त्यात स्वस्त थर्टी-एट काडतुसंही चालतात आणि ती कुठेही मिळतात. इतिहासाचा मास्तर हरला, घरखर्च बघणारा माणूस जिंकला. एवढंच बजावलं की लोखंड नवं असलं तरी आतला गुडघा जुनाच आहे, तेव्हा जहाल काडतुसांच्या वाटेला जाऊ नका.

फॉर्म भरला, चौकशी झाली, दीड हजार डॉलरच्या आसपास रक्कम मोजली आणि रायफल घरी आली. इंटरनेटवर यापेक्षा शंभर डॉलर कमी पडले असते, हे त्यांना त्यांच्या मित्राने नंतर सांगितलं. मित्राने त्याची तशीच मागवली होती. तिचं पुढचं साईट कलतं आहे.

रेंजवर मी मागच्या बाकावर कानाला बोंडं लावून बसलो होतो. पहिल्या दहा गोळ्या सगळ्या डावीकडे गेल्या. साईट खाचेत हलकेच सरकवल्यावर मधे येऊ लागल्या. लेक आली नव्हती. परतल्यावर तिने दार उघडलं, जावयांच्या हातातली लांब पेटी बघितली आणि आधी तिजोरी उघडायला गेली. नातवाने मला विचारलं, "आजोबा, तुम्ही मारली?" मी म्हटलं, माझा व्हिसा नाही रे त्या प्रकारचा. त्याला काही कळलं नाही, तो सायकल घेऊन पळाला.

असो. वहिनींनी विचारलं आहे की अस्सल जुन्या रायफलीची किंमत मालकांनी किती सांगितली. तो आकडा इथे लिहीत नाही, आमची ही हा ब्लॉग वाचते आणि तिला मी दोन सेकंद 'घेऊ का' म्हणालो होतो हे माहीत नाही. रविवारी फोन करतो.